फुंकरवाल्यांचं शिफारसपत्र

मीरा रोड स्टेशनपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत ज्याला म्हणून फुफ्फुस आहे, त्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी आमच्या फुंकरवाल्यांच्या नळीत फुंकर मारलेली आहे. आणि ज्याने मारलेली नाही तो एकतर कालच इथे राहायला आला असणार, नाहीतर फुंकरवाले समोरून येताना पाहून शेजारच्या दुकानात शिरला असणार. केबिन रोडवर असे शिरणारे मी पुष्कळ पाहिलेत. एक पोक्त गृहस्थ तर घाईघाईत मॅचिंग सेंटरमध्ये घुसले, आता घुसलोच आहोत तर काहीतरी बघायला हवं म्हणून अर्धा तास अस्तराची कापडं बघत बसले, आणि शेवटी दोन ब्लाउजपीस घेऊन बाहेर आले. बाहेर फुंकरवाले पायरीवर उभेच होते. "काही घाई नव्हती," ते अतिशय प्रेमाने म्हणाले, "रंग चांगला निवडलात. आता फुंका."

त्यांचं नाव इथे देत नाही. एक तर त्या नावाने त्यांना बायकोशिवाय कुणी हाक मारत नाही, आणि दुसरं म्हणजे, पुढे मला जे सांगायचंय त्यात कुणाचं नाव लपवायचंच असेल तर ते माझं लपवायला हवं. मी भाईंदरमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात छातीच्या विभागाचा प्रमुख आहे. फुंकरवाले माझ्या हाताखाली होते. मूळचे रत्नागिरीकडचे, उंच, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की कुणीतरी त्यांना चांगली बातमी सांगता सांगता मधेच थांबलंय. होते डॉक्टरच, पण औषध देणारे नव्हेत. श्वसनावर पीएचडी केलेले. हा फरक त्यांच्या सोसायटीला कधीच कळला नाही. कुणाचं पोट दुखलं की यांची बेल वाजायची आणि फुंकरवाले दार उघडून म्हणायचे, "पोटातलं मला काही कळत नाही हो. पण आलाच आहात तर फुंका." नोकरी प्रोजेक्टवरची, अकरा महिन्यांच्या कराराची. अकरा महिने संपले की एका दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशी माणूस कागदोपत्री कुणीच नसतो. फुंकरवाले त्या दिवशीही बरोबर नेहमीच्या वेळेला, म्हणजे वीस मिनिटं उशिरा, यायचे. फक्त ओळखपत्र गळ्यात नसायचं. रुग्णाला आधीच सांगायचे, "आज मी अधिकृत नाही. तुमची फुंकर आज घरगुती समजा."

इतरांच्या खिशाला पेन असतं तशी त्यांच्या खिशाला ती नळी असायची: वीतभर लांब, पांढऱ्या प्लास्टिकची, वर आकडे आणि आकड्यांवर सरकणारा लाल काटा. पण नळी ही फक्त ओळखपाळख करून घेण्यापुरती. खरं काम विभागातल्या मोठ्या यंत्रावर. त्या यंत्रात श्वास शेवटच्या थेंबापर्यंत सोडावा लागतो, आणि माणसाला तो आपणहून सोडवत नाही. समोर कुणीतरी ओरडावं लागतं. फुंकरवाले ओरडायचे ते असं, की जणू रुग्णाबरोबर त्यांचाही जीव पणाला लागलाय. "जोरात! आणखी! आणखी, आणखी, सोडू नका, येतंय, येतंय, आलं!" बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी एकदा माझ्याजवळ हळूच चौकशी केली, "मुलगा की मुलगी?" माणूस बघून ते भाषा बदलायचे. नया नगरातले चाचा आले की "और, और, छोड़ना मत चाचा!", केबिन रोडचे शेठ आले की गुजरातीत "हजी, हजी, शेठ!" आणि कुठल्याही भाषेतली फुंकर संपली की तीच शांतता, तोच एक कौतुकाचा सुस्कारा, आणि मग वहीत नोंद.

ही त्यांची वही म्हणजे एक प्रकरण होतं. लांबट, लाल कापडी बांधणीची. नाव, वय, फुंकरीचा आकडा आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेरा एका ओळीचा आणि निखळ खरा. 'खोकला सुनेपासून लपवतात.' 'विडी नाही म्हणतात, बोटं हो म्हणतात.' 'फुंकर उत्तम, स्वभाव तापट.' माझ्या मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला ते आले होते. मेणबत्त्या विझवायची वेळ झाली, सगळ्यांनी गाणं सुरू केलं आणि फुंकरवाल्यांनी हात वर करून ते थांबवलं. एकीने सहा विझवण्यात शास्त्र काय आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. प्रत्येकाने एकेक विझवावी, मेणबत्ती किती अंतरावरून विझते ते कळेल. त्यांनी खिशातून पट्टी काढली. मुलीने भोकाड पसरलं. पण त्याच मोजणीत माझ्या सासूबाईंना वीतभरावरची ज्योत विझवता आली नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचा दमा उघडकीला आला. जावई छातीचा डॉक्टर, आणि सासूचा दमा केक कापताना कळतो. यावर बायको मला जे बोलली ते इथे देत नाही.

यंत्र फुफ्फुसाचं वयही सांगतं. फुंकरवाल्यांना माणसाच्या दाखल्यावरच्या वयापेक्षा हे वय जास्त विश्वासाचं वाटायचं, त्यामुळे ते लोकांची ओळखही तशीच करून द्यायचे. "या आमच्या सिस्टर, वय अठ्ठेचाळीस, फुफ्फुस छत्तीस. हेवा वाटतो." माझी मात्र ओळख करून देताना ते फक्त "आमचे सर" म्हणून थांबायचे. त्याचं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं. माझं वय तेव्हा एकावन्न होतं आणि फुफ्फुस चौसष्ट. लोकांना दिवसभर तंबाखू सोडा म्हणून सांगणारा मी, दुपारच्या ओपीडीनंतर गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाऊन एक सिगरेट ओढतो. म्हणजे दोन. दरवर्षी विभागातल्या सगळ्यांची फुंकर व्हायची, माझीही व्हायची, आकडा यंत्रावर दिसायचा, फुंकरवाले माझ्याकडे बघायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्यांनी ते कधी कुणाजवळ बोलूनही दाखवलं नाही. खोटं न बोलणाऱ्या माणसाला गप्प राहणं किती जड जात असेल, याचा विचार मी फार उशिरा केला.

जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी दर महिन्याला यायची. जन्मभर चुलीपुढे आणि सुकटीच्या धुरळ्यात काढलेली. पहिल्या वेळी तिने नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "मना दम न्हाय लागत रं. मना तुज्या वरडन्याचा दम लागतंय." फुंकरवाल्यांनी हे जसंच्या तसं शेऱ्यात लिहून घेतलं. पुढे मात्र ती त्यांच्याशिवाय कुणाकडे फुंकेना. येताना पदराखाली फडक्यात बांधून सुकट आणायची. फुंकरवाले मासे खात नसत, पण तिने वास घ्यायला लावला की डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "अस्सल आहे." खोटं नव्हतंच ते.

आता फेलोशिपकडे येतो. श्वसनविकारांवर संशोधन करणाऱ्यांच्या करिअरचा विकास व्हावा, यासाठी फेलोशिपा असतात. त्यांच्या जाहिराती वाचल्या की वाटतं, देशातल्या प्रत्येक फुफ्फुसामागे एक शास्त्रज्ञ नेमायचं आता ठरलेलंच आहे, फक्त अर्ज यायचे बाकी आहेत. अर्ज पोर्टलवर भरायचा. उमेदवार चाळिशीच्या आतला हवा. चाळिशीच्या आत माणूस 'उदयोन्मुख' असतो आणि चाळिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी उठतो तो थेट माजीच. फुंकरवाल्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी ते उदयोन्मुखच होते. दर वर्षी अर्ज भरायचे, कारण त्यांना एक गोष्ट करायची होती. मीरा रोडच्या हाटकेश भागातल्या गाळ्यांमध्ये स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे कामगार आहेत. दिवसभर चाकापुढे बसून ती बारीक काळी धूळ ओढतात. आम्ही त्यांची एकदा तपासणी केली होती. आम्ही म्हणजे त्यांनी. तीच माणसं, तेच गाळे, पाच वर्षांनी पुन्हा तपासायची आणि दरम्यान कुणाचा श्वास किती घटला ते मांडायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. पण पोर्टलला एवढीशी महत्त्वाकांक्षा चालत नाही. तिथे प्रश्न असतो, 'पाच वर्षांनंतर आपण स्वतःला कुठे पाहता?' फुंकरवाल्यांचं उत्तर: 'हाटकेशला. जिना चढून उजवीकडचा गाळा.' दुसरा प्रश्न, 'आपण दाखवलेल्या नेतृत्वाचं उदाहरण द्या.' उत्तर: 'एकदा रुग्णालयाची लिफ्ट बंद पडली तेव्हा अकरा जण माझ्यामागून जिन्याने आले. वर पोचल्यावर फुंकायचं आहे असं मी सांगितल्यावर सात जण खाली गेले. म्हणजे चार.'

"अहो, असं लिहायचं नसतं," मी म्हणायचो.

"का? चार कमी आहेत का सर?"

एकदा ते मुलाखतीपर्यंत पोचले. समितीवर मोठी मोठी माणसं होती. अध्यक्षांनी विचारलं, "तुमच्या कामाचा प्रभाव एका वाक्यात सांगा." फुंकरवाल्यांनी खिशातून नळी काढून त्यांच्यापुढे धरली. अध्यक्षांना गंमत वाटली, त्यांनी फुंकली. काटा हलला न हलल्यासारखा झाला. फुंकरवाले म्हणाले, "सर, मुलाखत राहू द्या, तुम्ही आधी कुणालातरी दाखवा." मला हे त्यांनीच येऊन सांगितलं, आणि वर म्हणाले, "बरं झालं गेलो ते. वेळेत सापडले." फेलोशिप अर्थातच गेली.

असं करत करत शेवटचं वर्ष आलं. पुढच्या वर्षी चाळीस पूर्ण. त्यातच ट्रस्टने सांगून टाकलं की हा करार संपला की पुढचा नाही. फेलोशिप मिळाली तर तीन वर्षं: पहिलं वर्ष दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत प्रशिक्षण आणि उरलेली दोन हाटकेशचं काम, त्यांचं स्वतःचं, त्यांच्या स्वतःच्या नावावर. नाही मिळाली तर मीरा रोडच्या एका कोचिंग क्लासात बारावीला बायोलॉजी. अर्ज या वेळी बरा झाला होता, कारण त्यांच्या पत्नीने समोर बसून भरून घेतला होता. त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि चुकीच्या उत्तरावर लाल रेघ मारायची त्यांना सवय आहे. राहिलं होतं माझं शिफारसपत्र.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. आमच्या जगात शिफारसपत्र ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. साहेब म्हणतात, "एक ड्राफ्ट करून आणा," उमेदवार घरी जाऊन स्वतःबद्दल लिहितो की असा बुद्धिमान मनुष्य मी माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत पाहिला नाही, आणि साहेब खाली सही करतात. सगळ्यांनाच हे माहीत असतं, त्यामुळे समितीवरचे लोक विशेषणांची किंमत तशीच लावतात. तिथे 'असामान्य' म्हणजे बरा, 'उत्तम' म्हणजे चालेल, आणि 'चांगला' असं लिहिलेलं दिसलं तर या माणसाने काहीतरी गुन्हा केलाय आणि साहेबांना उघड सांगता येत नाहीये. मीही नेहमीच्या सवयीने म्हणून गेलो, "एक ड्राफ्ट करून आणा." कुणाला म्हणतोय, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पत्र आलं त्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. मधल्या सुट्टीतला असावा, मागे पोरांचा गलका होता. "सर, पत्र ह्यांनाच लिहायला दिलंत ना? मग जरा वाचून घ्याल का? ते खरं लिहितात हो."

"हो हो, बघतो ना," मी म्हणालो.

"आणि सर, या वेळी होईल ना?"

"व्हायला काय हरकत आहे," मी म्हणालो. मी असाच बोलतो. माझ्या बोलण्यातून आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

मग मी पत्र वाचलं. इंग्रजीत होतं, आशय इथे देतो. फुंकरवाल्यांनी स्वतःची तपासणी करून अहवाल लिहिला होता. 'उमेदवार रोज वीस मिनिटं उशिरा येतो. याबाबत त्याला तीनदा सांगण्यात आलं आहे. उमेदवाराचं इंग्रजी समजतं, पण आवडत नाही. बैठकीत तो नको तिथे बोलतो. निबंध लिहायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, कारण तो प्रत्येक आकडा पुन्हा मोजतो. त्याला नेतृत्व जमत नाही. त्याची बुद्धी चांगली आहे.' चांगली! 'वरील दोषांत सुधारणेची शक्यता कमी, कारण उमेदवाराने तीनदा प्रयत्न केलेला आहे.' आणि अगदी शेवटी, जणू आठवलं म्हणून, एक ओळ: 'उमेदवार आकडा बदलत नाही.'

मी आधी मोठ्याने हसलो. मग दार लावून पुन्हा वाचलं. पोर्टल पाच वाजता बंद होणार होतं आणि तेव्हा वाजले होते दोन. पत्र नव्याने लिहायला मला अर्धा तास पुरला असता. त्याऐवजी पुढच्या अडीच तासांत मी काय केलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी गच्चीवर गेलो. टाकीमागे उभा राहिलो. आणि मनात पहिल्यांदा जे आलं ते असं: हे गेले तर विभागाचं करायचं कोणी? शिबिरं ते घेतात, अहवाल ते लिहितात, आणि माझ्या नावावर जे शोधनिबंध आहेत त्यांतलं माझं काय आहे, तर नाव. तेही पहिलं. हाटकेशची तपासणीही माझ्या नावावरच छापून आलेली आहे. त्या गाळ्यांचा जिना मी तोवर चढलेलो नव्हतो. आता त्यावरची दुसरी तपासणी त्यांच्या नावावर येणार. फेलोशिप गेली तर ट्रस्टकडे शब्द टाकून आणखी एक अकरा महिन्यांचा करार मिळवता येईल, असंही मनात येऊन गेलं. नंतर मी तो शब्दही टाकला नाही. दुसरी सिगरेट संपेपर्यंत माझ्या मनाने सगळं नीट रचून दिलं होतं: मी कोण एखाद्या माणसाचं प्रामाणिक निवेदन बदलणारा? खरेपणाचा मान राखायला नको का? मी खाली आलो, सही केली आणि साडेचार वाजता पत्र जसंच्या तसं चढवलं. खरेपणाला एवढा मान मी आयुष्यात पुन्हा कधी दिलेला नाही.

निकाल तीन महिन्यांनी आला. 'शिफारस करणाऱ्यांनी व्यक्त केलेल्या शंका लक्षात घेता' उमेदवाराचा विचार होऊ शकत नव्हता. फुंकरवाले कागद घेऊन माझ्या खोलीत आले. चेहरा पडला होता, पण डोळ्यांत थोडी चमकही होती. "सर, त्यांनी पत्र पूर्ण वाचलेलं दिसतंय," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटायचं कुणी काही वाचतच नाही. नीट वाचून ठरवलंय त्यांनी. मग काय बोलणार?" जाता जाता दारात थांबून म्हणाले, "तुम्हीही एक अक्षर बदललं नाहीत. थँक यू सर." त्यांनी मला शिवी दिली असती तर मी ती आजवर आनंदाने जपून ठेवली असती.

करार संपला आणि ते गेले. विभागात आता नवीन यंत्र आहे, त्याच्या पडद्यावर एक फुगा येतो आणि रुग्णाने फुंकलं की फुगतो. ओरडावं लागत नाही. विभाग अगदी शांत असतो. मधे बराच काळ न फिरकलेली कोळीवाड्यातली म्हातारी एक दिवस आली, तिने फुगा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"तो वरडनारा कुटं हाय?"

"ते गेले आजी. आता शिकवतात."

"कोन घालवला त्याला?"

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "तुम्ही फुंका ना आजी."

"न्हाय फुकत," ती म्हणाली. "फुग्यापुढं काय फुकू? तू जा न् त्याला सांग, म्हातारी बोलावतंय. मंग फुकीन." आणि पदराखालचं फडकं तिने माझ्या टेबलावर ठेवलं. "ही त्याला दे. तुला न्हाय."

तर अशा रीतीने, दोन वर्षं मी जे टाळलं होतं ते सुकटीचं गाठोडं हातात धरून करायला निघालो. कोचिंग क्लास एका बँकेच्या वर होता. तास नुकताच सुटला होता. फुंकरवाले फळ्यापुढे उभे होते, फळ्यावर दोन भलीमोठी फुफ्फुसं काढलेली होती आणि त्याखाली सगळ्या वर्गाच्या फुंकरीचे आकडे. मला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. गाठोड्याचा वास घेऊन डोळे मिटले. म्हातारीचा निरोप ऐकून लगेच "रविवारी सकाळी तिच्याकडेच जातो" म्हणाले. मग मी सांगितलं. फोन, गच्ची, अडीच तास, माझं पहिलं नाव, सगळं. मी इतकं सलग कधी बोललेलो नाही. मधे त्यांनी एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाले, "समजा, तुम्ही बदललं असतं, तर काय लिहिलं असतं?"

"लिहिलं असतं, की असा मनुष्य मी तीस वर्षांत पाहिला नाही."

"आणि ते खोटं झालं असतं?"

"नाही," मी म्हणालो. "अगदी खरं झालं असतं."

"मग ते का नाही लिहिलं सर?"

आवाजात राग नव्हता. आकडा जुळत नसला की ते जसं विचारायचे तसंच विचारलं होतं. त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसायला सुरुवात केली. दोन्ही फुफ्फुसं पुसून झाली. फळा कोरा झाला, तरी ते पुसतच होते. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "रविवारी दुपारी काय करता?"

रविवारी दुपारी ते हाटकेशला जातात. पाच वर्षं पूर्ण झाली होती आणि फेलोशिप असो नसो, कामगारांची फुफ्फुसं काही थांबलेली नव्हती. जुनं पोर्टेबल यंत्र त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं, पण यंत्र बघायचं आणि ओरडायचं ही दोन्ही कामं एका माणसाला होत नव्हती. अशा रीतीने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी ओरडण्याच्या कामावर लागलो. जिना चढून उजवीकडचा गाळा. पहिल्या दिवशी मी एका कामगारापुढे उभा राहून म्हणालो, "और... और छोड़िए..." सगळा गाळा चाकं थांबवून हसायला लागला. तिथला मुकादम म्हणाला, "डॉक्टरसाब, आप तो ऐसे बोल रहे हो जैसे मय्यत में आए हो! सामनेवाले की साँस भी शरम से अंदर चली गई." फुंकरवाल्यांनी मान हलवून त्याला दुजोरा दिला. त्या दिवशीच्या पाच फुंकरी माझ्या आवाजापायी पुन्हा घ्याव्या लागल्या.

वर्ष होत आलं आता. ही तपासणी कुठल्या पोर्टलवर चढणार नाही. मागे संस्था नाही, पुढे फेलोशिप नाही. ज्यांचा श्वास फार घटलेला दिसतो त्यांना मी सोमवारी माझ्या ओपीडीत बोलावतो, आणि मुकादमाला कटकट करून दोन गाळ्यांत धूळ ओढणारे पंखे बसले आहेत, एवढंच. मी एकदा म्हणालो, की हे माझ्या ओळखीने कुठेतरी छापून आणू, फक्त तुमच्या नावावर. ते म्हणाले, "आधी मोजून होऊ दे." म्हातारीही रविवारी सकाळी त्यांच्या नळीत फुंकते आणि मी भेटलो की विचारते, "अजून तुलाच वरडाय लावतंय का तो?" त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या पत्नीने केलेलं नाही. मी गेलो की त्या चहा देतात आणि आत निघून जातात. ते मला समजतं.

गेल्या रविवारी शेवटी त्यांनी नळी माझ्यापुढे धरली. "सर, आता तुम्ही." आणि स्वतः ओरडले, ते जुनं ओरडणं, सगळ्या गाळ्यासमोर. मी फुंकलं. त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली पाण्याचा जार आणायला गेले. वही उघडीच होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझं पान पाहिलं. आधीच्या प्रत्येक वर्षापुढे एकच शेरा होता: 'गच्चीवर जातात.' पत्र ज्या वर्षी गेलं त्या वर्षीही तेवढाच. आजच्या आकड्यापुढे मात्र जरा मोठी ओळ होती. 'रविवारी येतात. आवाज लहान. गच्चीवर अजून जातात. सुधारणेची शक्यता आहे.'

स्वतःबद्दल लिहिताना त्यांनी 'कमी' म्हटलं होतं. आणि हा माणूस आकडा बदलत नाही. जिन्यावर त्यांची पावलं वाजली, तशी मी वही होती तशीच उघडी ठेवून बाजूला झालो. खांद्यावरचा जार खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि काहीच झालं नाही अशा थाटात म्हणाले, "पुढचा माणूस बोलवा सर."

मी बोलावला. मुकादमाने चाकावरून मान वर करून बघितलं, म्हणजे नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच बोलावला असणार.